जवान रंगनाथ जरा थांबतो

माणूस बरा कसा होतो हे चित्रात काढता येतं का, या एका प्रश्नावर मी आणि उस्मानभाई पेंटर जवळजवळ वर्षभर बोलत होतो. उस्मानभाई गेल्या चैत्रात गेले. आता बोलायला समोर कोणी नाही म्हणून लिहितो आहे. सावकाश लिहितो. धंद्याची सवय.

माझा धंदा अक्षरं काढण्याचा. नोकरी दौंडच्या एका छापखान्यात होती, पण पुण्याच्या एका साप्ताहिकात मागच्या पानावर जी चित्रकथा यायची, तिच्यातली अक्षरं माझी असत. चित्रातला माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडापाशी फुगा असतो. त्या फुग्यातला मजकूर छपाईच्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवता येत नाही, तो हातानं काढावा लागतो. मजकूरही मीच रचत असे. चित्रं उस्मानभाईंची.

वाचकांना वाटतं, आधी चित्र होतं, मग राहिलेल्या जागेत फुगा बसवतात. प्रत्यक्षात उलट असतं. आधी अक्षरं. मराठीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत भरपूर मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतो. त्यात छपाईसाठी धातूचा ब्लॉक करताना चित्र निम्म्यानं लहान होतं. मी ओळी आखून अक्षरं काढायची, त्यांच्याभोवती फुगा ओढायचा आणि मग उरलेल्या जागेत उस्मानभाईंनी माणसं उभी करायची. “नाना, तुमच्या जोडाक्षरांनी माझ्या घोड्याचं डोकं खाल्लं,” असं ते म्हणायचे. खरंच खाल्लेलं असायचं.

ते शिरूरला, मी दौंडला. रविवारी मी एसटीनं शिरूरला जाई. स्टँडसमोर त्यांचं दुकान होतं. घराण्यात रंगाचं काम जुनं. आजोबा मोहरमचे ताबूत रंगवायचे. उस्मानभाई दुकानांच्या पाट्या करत. एकदा पिठाच्या गिरणीवाल्यानं पाटीवर सिंह मागितला. उस्मानभाईंनी विचारलं, “गिरणीला सिंह कशाला?” तो म्हणाला, “लायनीत भांडणं व्हत्यात. सिंह बघून जरा गप बसतील.” उस्मानभाईंनी इतका शांत सिंह काढला की तोच लायनीत उभा असल्यासारखा दिसे. गिरणीवाल्यानं तक्रार केली नाही. गिऱ्हाइकांना सिंह आवडला होता.

आमच्या चित्रकथांत तोपर्यंत लढाया पुष्कळ झाल्या होत्या आणि जखमी माणसंही पुष्कळ. पण जखम आमच्याकडे एका चौकटीत बरी व्हायची. एका चौकटीत वीराच्या डोक्याला पट्टी, शेजारी पाण्याचा तांब्या घेतलेली बाई. पुढच्या चौकटीच्या वर मी एक आडवी पट्टी ओढून लिहायचो, ‘काही दिवसांनी’. खाली वीर घोड्यावर. हे दोन शब्द मी किती वेळा काढले असतील, सांगता येत नाही. माझं सगळ्यात वळणदार अक्षर त्या दोन शब्दांचं होतं.

पासष्टची लढाई थांबली आणि संपादकांनी जवानाची कथा मागितली. सीमेवर जखमी झालेला जवान गावी येतो, बरा होतो, पुन्हा उभा राहतो. नाव त्यांनीच दिलं, जवान रंगनाथ. बाकी तुम्ही भरा, म्हणाले.

उस्मानभाईंना समोर माणूस असल्याशिवाय काढता येत नसे. त्यांना कुठून तरी कळलं की निमोण्याला निवृत्ती नावाचा एक जवान आलाय, सुरुंगात डावा पाय गुडघ्याखाली गेलाय. आम्ही एका रविवारी गेलो.

निवृत्ती पडवीत बाजेवर बसला होता. तिशीच्या आतला, अंगानं रुंद, बोलायला कमी. त्याचे वडील राऊआबा सोसायटीचे चेअरमन, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांना कल्पना फार आवडली.

“काढा की,” ते म्हणाले. “पण फेटा बांधलेला काढा.”

“आबा, दवाखान्यात फेटा कोण बांधतंय?” निवृत्ती म्हणाला.

“चित्रात कोण इचारतंय?”

आतून त्याची बायको सोना चहा घेऊन आली. तिनं उस्मानभाईंच्या मांडीवरची वही पाहिली. “पायाचं चित्र काढून पाय येतोय का वो?” तिनं विचारलं.

“न्हाई येत, ताई,” उस्मानभाई म्हणाले. “पण कसा गेला ते लोकांना कळंल.”

“गेलेला कळतोय सगळ्यांना. उरलाय कसा ते काढा.”

उस्मानभाईंनी मान डोलावली आणि निवृत्तीचं तोंड काढायला घेतलं. निवृत्तीच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली होती; लहानपणी बैलाचं शिंग लागलेलं. ती त्यांनी हौसेनं काढली. जवान रंगनाथ जन्माला आला तोच फाटका कान घेऊन.

कथा सुरू झाली. आम्ही ती आमच्या नेहमीच्या चालीनं चालवली, फक्त ‘काही दिवसांनी’ जरा कमी वेळा वापरलं. लढाई, सुरुंग, दवाखाना. मग रंगनाथ शुद्धीवर येतो. मग डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. मग तो उठून बसतो आणि खिडकीतून बाहेर बघतो. वाचकांची पत्रं बरी येत होती. संपादक खूश होते.

त्यात एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. निमोण्याच्या सोसायटीच्या कचेरीत त्या साप्ताहिकाचा एक अंक येत असे. एरवी तो कपाटावर पडून राही. आता तो आला की लोक जमत. सोसायटीचा सेक्रेटरी फुग्यातला मजकूर मोठ्यानं वाची, आणि ज्यांना वाचता येत नसे ते चित्रं बघत. कान पाहून पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी ओळखलं की हा आपला निवृत्ती. तेव्हापासून गाव रंगनाथला निवृत्ती समजून वाचू लागलं आणि निवृत्तीकडे रंगनाथ म्हणून बघू लागलं.

हे आम्हाला पुन्हा गेलो तेव्हा कळलं. पुण्याच्या लष्करी केंद्रातून निवृत्तीला लाकडी पाय मिळाला होता, वर चामड्याचे पट्टे. तो पाय पडवीच्या कोपऱ्यात कणगीला टेकून उभा होता. निवृत्ती बाजेवरच होता. डाव्या पायाच्या उरलेल्या टोकाला तो घासून कातडं निघालं होतं, सोनानं हळद-तेल लावलं होतं.

“कसं काय?” उस्मानभाईंनी विचारलं.

“तुमचा कवा चालणार?” निवृत्तीनं उलट विचारलं.

आम्हाला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. गेल्या अंकात रंगनाथ काठी घेऊन उभा राहिला होता. तो अंक वाचून माणसं थेट पडवीत आली. एकजण म्हणाला, “निवृत्ती, तू काठीवर उभा ऱ्हायलास म्हनं?” दुसरा म्हणाला, “अंकात उभा हाईस, इथं का लोळतोस?” थट्टाच ती. पण आबांनी ऐकली. सोसायटीतर्फे निवृत्तीचा सत्कार करायचा, दिवाळीनंतर, असं त्यांनी ठरवून टाकलं. कचेरीपुढच्या ओट्याच्या पायऱ्या त्यानं काठी न घेता चढायच्या आणि वर आबांनी हार घालायचा. गावात सांगूनही झालं होतं.

“काठी न घेता कशावरून?” मी विचारलं.

“तुमच्या संपादकानं छापलंय नव्हं,” सोना म्हणाली. “दिवाळी अंकात रंगनाथ काठी फेकून देणार म्हनून.”

तशी जाहिरात आली होती, हे खरं.

“आबांना सांगा की, जमत नाही म्हणून,” मी म्हणालो.

निवृत्तीनं कणगीला टेकलेल्या पायाकडे पाहिलं. “आबा दवाखान्यात आलं व्हतं,” तो मग म्हणाला. “माझ्या पायाकडं बघून बाहेर गेलं. तवापासून त्यांनी पाय बघितला न्हाई. इकडं तोंड करून बसतच न्हाईत. आता कुठं ते बोलाया लागलेत, पायऱ्यांचं. त्यांना न्हाई कसं म्हनू?” मग उस्मानभाईंकडे वळून म्हणाला, “घाईनं चढलो तर जखम उघडंल. डाक्टरनं सांगितलंय, आनखी वर कापावं लागंल, गुडघा जाईल. तुमच्या त्या रंगनाथला जरा थांबवा.”

“पाडू का त्याला?” उस्मानभाईंनी विचारलं. “पडला की पुन्हा महिनाभर निजतो.”

“पाडू नका. पडलेला मानूस बघवत न्हाई. नुसता थांबवा.”

परतताना एसटीत उस्मानभाई म्हणाले, “नाना, थांबलेला माणूस कसा काढतात?”

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. चित्रकथेत प्रत्येक चौकटीत काहीतरी व्हावं लागतं, म्हणून तर पुढची चौकट काढायची. शिवाय आमचं काम अंकाच्या तीन आठवडे पुढे असे. रंगनाथ काठी घेऊन अंगणात फिरतो तो भाग पुण्यात ब्लॉक होऊन बसला होता. म्हणजे तो आमच्या हातून सुटून पुढे गेला होता, आणि त्याला तिथं गाठून थांबवायचं होतं.

आम्ही मग निवृत्तीला विचारायला सुरुवात केली. दिवसभर काय करता? तो म्हणाला, काही नाही. काही नाही म्हणजे काय? मग हळूहळू निघालं. सकाळी उरलेल्या पायावर कापडी पट्टा गुंडाळायचा, खालून वर, आवळून, म्हणजे सूज उतरते. लाकडी पायाच्या आत घालायचा लोकरीचा मोजा धुऊन उन्हात वाळत घालायचा. ओला राहिला तर कातडं जातं. नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते.

“मग काय करता?” उस्मानभाईंनी विचारलं.

“दुसऱ्या पायाचा खाजवतो.”

“थांबते?”

“कवा कवा.”

उस्मानभाई इतके खूश झाले की त्यांनी तिथेच चौकटी आखल्या. पुढचे भाग त्यातून झाले. अंगणात फिरून आलेला रंगनाथ बाजेवर बसून पट्टा गुंडाळतो. मोजा दोरीवर वाळत घालतो, वाऱ्यानं तो उडतो, शेजारची कोंबडी त्यावर बसते. नसलेला अंगठा खाजतो. एका भागात तर सगळ्या चौकटींत तो बाजेवर बसलेला आहे आणि फक्त अंगणातली सावली सरकते. फुगे फार थोडे. उस्मानभाईंना इतकी मोकळी जागा आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी तसे हात कधी काढले नव्हते, पट्टा आवळणारे ते हात. मला विचाराल तर त्यांचं सर्वांत चांगलं काम तेच.

निमोण्यात काय झालं ते सोना सांगायची. लोक आधी चिडले. मग कोंबडीवर हसले. मग एका म्हाताऱ्यानं पडवीत येऊन विचारलं, “खरंच खाजतंय का रं, नसलेलं?” निवृत्तीनं त्याला समजावून सांगितलं. कचेरीत आता कोणी, उठला का, असं विचारत नव्हतं. मोजा वाळला का, असं विचारत होते.

पण आबा विचारत नव्हते. सत्काराची तारीख तीच होती.

आम्हाला पुण्याला बोलावणं आलं. संपादक सभ्य माणूस. त्यांनी चहा मागवला आणि चित्रं टेबलावर मांडली. “उस्मानभाई, हात फार सुंदर आहेत,” ते म्हणाले. “पण तुमचा जवान अंकामागून अंक मोजे वाळत घालतोय. वाचक विचारतात.”

“काय विचारतात?”

“कधी उठणार म्हणून.”

“मग साहेब, वाचतायत म्हणूनच विचारतायत ना?”

संपादक हसले, पण बधले नाहीत. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ठरलं होतं. त्यांचंही मला चुकीचं वाटत नाही. लढाई होऊन वर्ष झालं होतं, घराघरांतून कोणी ना कोणी गेलेलं, लोकांना उठलेला माणूस बघायचा होता. उस्मानभाई एवढंच म्हणाले, “मला तो उठलेला अजून दिसला नाही. न बघता कसा काढू?” मी निवृत्तीचं सगळं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, “त्याच्या घरचं त्यानं आपल्याला सांगितलं, नाना. छापायला नाही सांगितलं.”

दिवाळी अंकाचं पान संपादकांनी पुण्यातल्या दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतलं. आमच्या धंद्यात हे सर्रास चाले. एकाचं दुखलं-खुपलं की दुसरा तीच कथा पुढे ओढतो, कपडे सारखे काढले की वाचकांच्या ध्यानात येत नाही. पान चांगलं होतं. रंगनाथ काठी भिरकावून झेंड्याकडे धावत होता. अक्षरंही दुसऱ्याची होती. माझ्यापेक्षा सुबक, हे कबूल करावं लागेल.

सत्काराला आम्ही दोघं गेलो, जीव मुठीत धरून. ओट्याला पताका, वर टेबल, खुर्च्या, हार घेऊन आबा उभे. खाली सारं गाव. निवृत्ती बैलगाडीतून आला. लाकडी पाय लावलेला होता, पण दोन्ही काखांत कुबड्या होत्या. गाडीतून उतरून तो पहिल्या पायरीपाशी आला आणि उभा राहिला.

सेक्रेटरीच्या हातात दिवाळी अंक होता. त्यानं तो उंच धरला. “बघा, आपला जवान,” तो म्हणाला. “असा पळत आला पायजे वर.”

पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं, त्या खाजेबद्दल विचारणाऱ्यानंच, अंक मागून घेतला. डोळ्यांजवळ नेला. लांब धरला.

“ह्यो आपला न्हाई,” तो म्हणाला.

“आपला न्हाई म्हंजी? रंगनाथ हाय. लिवलंय की खाली.”

“लिवलेलं मला कुठं वाचता येतंय? कान बघ. दोनी कान धड हायती. आपल्याचा कान फाटकाय.”

अंक हातोहात फिरला. चित्रं बघणारी माणसं ती. इतके दिवस त्यांनी त्या चेहऱ्याशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं. नाक पण त्याचं न्हाई, कोणी म्हणालं. हात बघा, बामनाचे वाटत्यात, दुसरा म्हणाला, आणि बायकांत हसू फुटलं. पळतोय तो कुणी दुसराच हाय, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं. मग आपला कुठाय? आपला अजून मोजा वाळवतोय. म्हातारा आबांकडे वळून म्हणाला, “चेरमन, आपल्याची जखम वली हाय अजून. पळनाऱ्याला पुण्याला हार घाला.”

आबा वर उभे होते. त्यांनी प्रथम अंकाकडे पाहिलं, मग माणसांकडे. मग खाली, मुलाच्या तोंडाकडे नाही, पायाकडे. पँट वर दुमडलेली होती, लाकूड आणि पट्टे दिसत होते. बराच वेळ ते बघत राहिले. उस्मानभाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

आबा एकेक पायरी उतरून खाली आले. हार घातला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, वाकून त्यांनी पट्ट्याचं बक्कल बोटानं चाचपलं. “लई आवळलंय का?” त्यांनी विचारलं.

“बरं हाय,” निवृत्ती म्हणाला.

“खुर्ची आना रं खाली,” आबा म्हणाले. सत्कार खालीच झाला. भाषणं नेहमीसारखी लांबली.

ती चित्रकथा अर्थातच दुसऱ्याकडे गेली आणि लवकरच संपली. आम्हाला पुढे बालमासिकाचं काम मिळालं. प्राण्यांच्या गोष्टी. त्यात कोणी जखमी होत नसे.

उन्हाळ्यात एका रविवारी मी दुकानात बसलो होतो. उस्मानभाई कापडदुकानाची पाटी रंगवत होते. स्टँडवर गाडी लागली आणि उतरणाऱ्यांत निवृत्ती दिसला. हातात एक काठी. रस्ता ओलांडून तो आत आला, फळीवर टेकला, पाणी प्यायला. कातडं भरलं होतं. पहाटे कोणी नसताना बांधावर चालून बघायचा, म्हणाला. आबा पुढं, उलटे चालत, तोंड ह्याच्याकडे करून. दोनदा आबाच पाटात पडले होते.

मला राहवलं नाही. “पहिलं पाऊल टाकताना कसं वाटलं?” मी विचारलं. “तो लाकडी पाय पुढं टाकताना?”

“त्याचं काय न्हाई, नाना. तो पुढं टाकाय सोपा. खाली खरा पाय असतो ना धरून.” तो उठून उभा राहिला आणि दाखवू लागला. “खरी भीती म्होरं हाय. आता ह्या लाकडावर सगळं अंग सोडायचं, आन् चांगला पाय उचलायचा. तो उचलाया धीर व्हत न्हाई. मी लई दिवस तिथंच अडकलो व्हतो.”

 काढायला सांगितलं असतं तर आम्ही, आणि त्या पुण्याच्या चित्रकारानंही, लाकडी पाय पुढं पडण्याचाच क्षण काढला असता.

“तसेच उभे राहा,” उस्मानभाई म्हणाले. त्यांनी ब्रश ठेवला, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि कोळसा घेतला. निवृत्ती डाव्या, लाकडी पायावर उभा, उजवा उचललेला, काठी जेमतेम टेकलेली. सवयीनं मी कोपऱ्यात फुग्यासाठी दोन ओळी आखल्या होत्या. चित्र होत आलं तसं माझ्या ध्यानात आलं की तिथं लिहायला काही नाही. मी त्या खोडरबरानं पुसल्या.

समोरचा हॉटेलवाला चहा घेऊन आला. कप ठेवता ठेवता त्यानं चित्र पाहिलं.

“वळखा,” निवृत्ती त्याला म्हणाला. “ह्यातला खोटा पाय कोणता?”

हॉटेलवाल्यानं नीट निरखून पाहिलं. “खोटा कुठला त्यात?” तो म्हणाला. “मानूस चाललाय. कुठं चाललाय?”

“निमोण्याला,” निवृत्ती म्हणाला आणि त्यानं कप उचलला.